प्रवाळाच्या टँकमधली कीड: मारण्याआधी ती वाढते कशी ते बघा

पहिलं दिसलं तेव्हा मला आनंदच झाला होता. दगडाच्या कपारीत नखाएवढं, तपकिरी, जरासं पारदर्शक, छोट्या ताडाच्या झाडासारखं काहीतरी उगवलं होतं. तेही फुकटात! घरातल्या सगळ्यांना हाका मारून मी ते दाखवलं. महिन्याभरात तशी पाच झाली. शेजारच्या झोअँथिडच्या, म्हणजे मी हौसेने पाळलेल्या मऊ प्रवाळाच्या, झुपक्याने त्या बाजूची तोंडं मिटून घेतली, तेव्हा कुठे कळलं की आपण ज्याचं कौतुक करत होतो ती एप्टेशिया नावाची कीड आहे. मग मी तेच केलं जे बहुतेक सगळे करतात. जुना टूथब्रश घेतला आणि खसाखसा घासून काढलं. दगड लखलखीत झाला. तीन आठवड्यांनी मोजली, तर एकवीस.

हा लेख त्या टूथब्रशमुळे लिहिते आहे.

इंदुरात बसून समुद्र पाळायचा म्हणजे हौसेला मोल नाही. पाणी नर्मदेचं, जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी चढवून आणलेलं. ते मी आरओ आणि डीआय (उरलेसुरले क्षार काढणाऱ्या) फिल्टरमधून गाळून अगदी कोरं करते आणि मग त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालते. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, म्हणतात, "अगं, एवढ्या खर्चात दरवर्षी मुंबईला जाऊन खराखुरा समुद्र बघून आली असतीस." खोटं नाही.

तसा समुद्र इथेही होता. धार जिल्ह्यात, बाग आणि मनावर या गावांच्या बाजूला, नर्मदेच्या खोऱ्यात सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राने मागे ठेवलेले चुनखडक आहेत. त्यातल्या एका थराला भूगर्भशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं 'कोरलाइन लाइमस्टोन' म्हणत आले. गंमत अशी की त्या थरात भरलेत ते ब्रायोझोआ नावाच्या वेगळ्याच जीवांचे सांगाडे. नावात प्रवाळ, आत भलतंच. टँकमधल्या किडीचंही नव्वद टक्के दुखणं हेच असतं. ओळख चुकते, आणि ओळख चुकली की उपाय उलटतो.

आधी प्रवाळ म्हणजे काय, ते थोडक्यात. ते झाड नाही, दगडही नाही, प्राणी आहे. एकेक पॉलिप म्हणजे एक तोंड, भोवती शुंडा आणि खाली पिशवीसारखं पोट. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि भाड्यापोटी त्यातला बराचसा वाटा यजमानाला देतं. म्हणून टँकवर एवढे महागडे दिवे लागतात.

आपल्याकडे यातलं काय पाळता येतं तेही सांगून टाकते, कारण परदेशातले व्हिडिओ बघून अनेकांचा घोटाळा होतो. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीत. जिवंत असो की नुसता सांगाडा, घरात आणायचा नाही. त्यामुळे माझ्या टँकमध्ये झोअँथिड, मशरूम, लेदर आणि झेनिया ही मऊ प्रवाळं एवढंच आहे, आणि खाली प्रवाळाचे तुकडे नसून बनवलेले कृत्रिम दगड आहेत. दुकानदार काहीही म्हणो, बिल आणि कागद मागून घ्या.

आता मुद्द्याकडे. या किडीवर औषध शोधणं इतकं अवघड का? शेतात कापूस आणि बोंडअळी, एक झाड आणि एक किडा. त्यांत जमीन-अस्मानाचा फरक. इथे तसं नाही. एप्टेशिया हे समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी (सी ॲनिमोन) आहे, आणि झोअँथिड त्याच्याच जवळच्या नात्यातले. दोघांची शरीरं सारखी, दोघांच्या पोटात तसंच शैवाल. पाण्यात टाकलेलं जे विष एकाला मारेल ते दुसऱ्यालाही मारणार. म्हणून बाटली ओतून सुटका होत नाही. प्रत्येक शत्रूची एक कमजोर जागा शोधावी लागते, आणि ती जागा बहुतेक वेळा त्याच्या वाढण्याच्या पद्धतीत सापडते.

एप्टेशियाचं बघा. ते दगडावरून अगदी हळू सरकतं आणि सरकताना पायाच्या चकतीचे कण मागे सोडत जातं. त्यातल्या प्रत्येक कणातून आठवडा-दोन आठवड्यांत नवं पूर्ण समुद्रफूल तयार होतं. म्हणजे माझ्या टूथब्रशने मारलं काहीच नाही, उलट पेरणी केली. चिमट्याने उपटणं, ब्लेडने खरवडणं, कात्रीने कापणं या सगळ्याचं फळ तेच. शिवाय चिडलं की ते अंगातून पांढरे, दंश करणारे धागे बाहेर सोडतं, आणि तेवढ्यात शेजारच्या झोअँथिडचे हाल होतात. संशोधकांना मात्र याच चिवटपणाचा उपयोग आहे. प्रवाळ आणि शैवाल यांची भागीदारी कशी चालते, उन्हाळ्यात ती का मोडते, हे तपासायला प्रयोगशाळांत एप्टेशियाच पाळतात, कारण ते मरत नाही आणि भराभर वाढतं. २०१५ साली त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. माझ्या दगडावरची जात कोणती, हे मात्र कोणी विचारायला आलं नाही.

यावरचा उपाय आमच्या घरात सासूबाईंच्या पानाच्या डब्यात होता, म्हणजे जवळजवळ तोच. चुना. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच १२.४ च्या आसपास जातो, आणि समुद्राच्या पाण्याचा असतो ८ च्या थोडा वर. एवढ्या क्षाराला मऊ शरीर टिकत नाही. विरघळून उरलेलं कॅल्शियम टँकला चालतं. पण पानाचा चुना वापरू नका. त्यात काय काय मिसळलंय ते आपल्याला माहीत नसतं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून शुद्ध पावडर कुठे मिळते ते ठाऊक होतं. तुम्हीही लेबलवर शुद्धता छापलेलीच घ्या. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माशांना चुना लावणार तू." माशांना नाही आई, पण हो.

पद्धत अशी. पावडरीत आरओचं पाणी थेंब थेंब घालून दह्याइतकी दाट पेस्ट करायची. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. चुना डोळ्यात गेला तर थट्टा नाही. टँकमधले सगळे पंप आणि वेव्हमेकर बंद. पाणी थांबलं की सुई नसलेली किंवा बोथट सुईची सिरिंज घेऊन हळूहळू, म्हणजे अगदी मांजर उंदराकडे जातं तशा चालीने, पुढे जायचं. एप्टेशिया चाहूल लागताच अंग कपारीत आत ओढून घेतं, मग हाती काही लागत नाही. मी आधी त्याला कोळंबीचा बारीक तुकडा देते. ते खायला तोंड उघडतं, त्याच क्षणी पेस्ट तोंडावर आणि मग वरून सगळं झाकून टाकायचं, बर्फाची टोपी बसावी तसं. दहा-पंधरा मिनिटं कुणीही पंप लावायचा नाही. एका बैठकीत तीन-चार, फार तर पाच. एकवीसच्या एकवीस एकाच रात्री चुन्याने झाकलीत तर टँकचा पीएच वर उसळेल आणि सकाळी मासे तळाशी. मला सगळी काढायला दोन महिने लागले.

जैविक उपायही आहेत. बर्घिया नावाची बोटाच्या पेरापेक्षा लहान समुद्री गोगलगाय एप्टेशिया आणि फक्त एप्टेशियाच खाते. दुसरं काही देऊ केलं तरी घेत नाही. एप्टेशिया संपलं की ती उपाशी मरते, म्हणून शेवटची दोन-चार राहिली असतानाच ती कुणाला तरी देऊन टाकावी. पेपरमिंट कोळंबीही खाते, पण ती तिच्या मूडवर. आणि इथे दुकानात घोळ होतो. एका दुकानदाराने मला पेपरमिंट म्हणून जी दिली ती उंटकोळंबी निघाली, पाठीवर कुबड असलेली. दोघी लाल-पांढऱ्या, दोघी छोट्या. पेपरमिंटच्या अंगावर लांबच लांब लाल रेषा असतात, उंटकोळंबीवर जाड पांढरे पट्टे आणि ठिपके. एक एप्टेशिया खाते, दुसरी झोअँथिडच खाते. आठवडाभरात माझे सात पॉलिप गेले. कोळंबी परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, "भिया, कोळंबीच तर दिली ना!"

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते न्यूडिब्रँकने. हीसुद्धा बिनशंखाची समुद्री गोगलगायच, फक्त झोअँथिड खाणारी. तिची लबाडी बघण्यासारखी असते. ती ज्या झोअँथिडला खाते त्याचाच रंग तिच्या अंगावर चढतो. पाठीवर बोटांसारखे उंचवटे असतात, ते मिटलेल्या पॉलिपच्या शुंडांसारखे दिसतात. शिवाय खाल्लेल्या पॉलिपच्या दंश करणाऱ्या पेशी ती पचवत नाही. त्या तशाच उचलून स्वतःच्या उंचवट्यांच्या टोकांत साठवते आणि स्वतःच्या बचावासाठी वापरते. चोरीची बंदूक, पण चालणारी.

आमच्या हिरव्या-नारिंगी झोअँथिडचा एक झुपका आठ दिवस उघडेना. पाण्याच्या सगळ्या चाचण्या केल्या: क्षारता, नायट्रेट, मॅग्नेशियम. काहीच चुकत नव्हतं. शेवटी रात्री दोन वाजता टॉर्चला लाल प्लास्टिक लावून टँकपुढे बसले. दहा मिनिटं काहीच नाही. मग एका मिटलेल्या पॉलिपची एक शुंडा किंचित पुढे सरकली. शुंडा जागा सोडून सरकत नसतात. चिमट्याने उचलून तो 'पॉलिप' पांढऱ्या वाडग्यात टाकला, आणि तो चालायला लागला. साडेचार मिलिमीटर, मोजपट्टी लावून. मागून आवाज आला, "किती वाजले ते तरी बघ." आई पाणी प्यायला उठल्या होत्या. मी वाडगा पुढे केला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा तो खातो? एवढासा?" मग म्हणाल्या, "आणि हा वाडगा माझ्या लोणच्याचा आहे."

दुसऱ्या दिवशी डिप. डिप म्हणजे त्या झुपक्याला टँकबाहेर औषधी पाण्याची छोटी आंघोळ. मी टँकचंच पाणी घेते आणि त्यात साधं पोव्हिडोन आयोडीन, पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतकं. बाटली घेताना नीट वाचा: शस्त्रक्रियेआधी हात धुवायच्या बाटलीत साबण असतो, ती चालत नाही. दहा ते पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मधून मधून पिचकारीने पॉलिपांच्या बुंध्यांवर पाण्याचे फवारे मारायचे. किडे पकड सोडून वाडग्याच्या तळाशी पडतात. पांढरा वाडगा त्यासाठीच. मग स्वच्छ टँकच्या पाण्यात दोनदा खळबळून पुन्हा जागेवर. डिपचं पाणी टँकमध्ये एक थेंबही जाऊ द्यायचं नाही. इंदूरच्या मे महिन्यात हे काम मी पहाटे करते, कारण दुपारी खोलीच पस्तीसच्या वर असते आणि वाडग्यातलं पाणी पंधरा मिनिटांत तापतं. टँक २५-२६ अंशांवर असतो; त्याला उन्हाळ्यात चिलर लागतो.

त्या डिपमध्ये सहा पडले. मी खूश. नऊ दिवसांनी झुपका पुन्हा बंद.

कारण अंडी. न्यूडिब्रँक पॉलिपांच्या बुंध्यांवर आणि तळाच्या बाजूला पांढऱ्या, जिलेबीसारख्या गुंडाळलेल्या फितीत अंडी घालते. त्या फितीवर चिकट आवरण असतं. आयोडीन, गोडं पाणी, विकतची डिप, काहीही त्या आवरणाच्या आत पोहोचत नाही. मोठे मेले, अंडी जगली, आठवड्याच्या आसपास फुटली आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एक डिप म्हणजे निम्मं कामसुद्धा नाही. दर सहा-सात दिवसांनी, निदान चार वेळा डिप द्यायची. पिल्लं बाहेर आली पाहिजेत, पण मोठी होऊन पुन्हा अंडी घालण्याआधी सापडली पाहिजेत. औषध किती कडक, यापेक्षा तारीख महत्त्वाची. भिंग घेऊन फीत दिसली तर ती टूथपिकने सोलून काढा, आणि झोअँथिड ज्या छोट्या चकतीवर चिकटवून आलं असेल ती चकती फेकूनच द्या. तिच्या खालच्या खाचेत कायम काहीतरी असतं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती गमतीची नाही. झोअँथिड आणि विशेषतः त्यांच्यातलाच पॅलिथोआ यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन असू शकतं. नैसर्गिक विषांत याचा क्रमांक फार वरचा आहे. ते १९७१ साली हवाईमधल्या एका पॅलिथोआतून वेगळं काढलं गेलं. तिथे माउई बेटावरच्या हाना गावाजवळच्या एका डबक्यातल्या 'प्राणघातक शेवाळा'ची जुनी दंतकथा होती. योद्धे भाल्याच्या टोकांना ते लावत. शेवाळ म्हणून ओळखलेलं ते प्रत्यक्षात प्राणी निघालं. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. परदेशात काही जणांनी झोअँथिड चिकटलेला दगड घरात उकळला. वाफेतून विष पसरलं आणि घरातली माणसं, कुत्र्यासकट, दवाखान्यात गेली. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तेव्हा दगड उकळायचा नाही, त्यावर उकळतं पाणी ओतायचं नाही, वाळलेला दगड ब्रशने घासायचा नाही. झोअँथिड कापताना किंवा डिप देताना मोजे आणि चष्मा, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी. आणि आईंचा तो वाडगा स्वयंपाकघरात परत गेला नाही. बर्तन बाजारातून दुसरा आणून दिला, तो त्यांना आवडला नाही.

तिसरा शत्रू लाल चपटकृमी. तीळाएवढे, गंजाच्या रंगाचे, शेपटीला तीन टोकं. हे प्रवाळ खात नाहीत. ते स्वतः अंगात शैवाल बाळगून ऊन खातात, पण काचेवर, वाळूवर, प्रवाळावर अशी चादर पसरतात की खालच्या प्रवाळाला प्रकाशच मिळत नाही. ते अंगातून कळ्या फुटल्यासारखे वाढतात. अंडी नाही, जोडीदार नाही. एकाचे दोन, दोनाचे चार. यांना मारणारी औषधं आहेत, आणि ती चालतातही, तासाभरात. अडचण त्यानंतर सुरू होते. मेलेल्या कृमींच्या अंगातून विष पाण्यात उतरतं. पन्नास मेले तर काही नाही. पाच हजार एकाच तासात मेले तर त्यांच्याबरोबर मासेही जातात. म्हणून औषधाआधी आठ-दहा दिवस रोज सायफनच्या नळीने ओढून त्यांची संख्या खाली आणायची. औषध देताना ताजं ॲक्टिव्हेटेड कार्बन हाताशी, आणि निदान चौथाई टँक भरेल एवढं नवं खारं पाणी आधीच कालवून ठेवलेलं. इथे कमजोर जागा म्हणजे त्यांची संख्या. मी अजून औषधापर्यंत पोहोचलेच नाही. नळीने ओढणं आणि माशांना देत असलेलं खाणं निम्मं करणं, एवढ्यावर दोन महिन्यांत ते दिसेनासे झाले. खाण्याचा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण एप्टेशिया, चपटकृमी, नळीतल्या गोगलगायी, सगळ्यांची भरभराट उरलेल्या खाण्यावरच होते. आमच्याकडे टँकला खायला घालायला सगळ्यांनाच आवडायचं. आता डबा कुलपात असतो.

बाकीच्यांना एकेक ओळ पुरे. नळीतल्या गोगलगायी दगडाला चिकटून चुन्याची नळी करतात आणि चिकट जाळं हवेत, म्हणजे पाण्यात, सोडतात. नळी पक्कडीने मोडा किंवा तोंडावर सुपरग्लूचा थेंब ठेवा. सनडायल गोगलगायीचा शंख चौकटीच्या नक्षीचा, दिसायला सुंदर, रात्री झोअँथिड खाते, चिमट्याने उचलून काढा. ॲस्टेरिना तारामासे नखाएवढे, वेडेवाकडे, कारण ते स्वतःच दोन तुकडे होऊन वाढतात आणि एका बाजूचे हात लहान राहतात. बहुतेक निरुपद्रवी. झोअँथिडवर वारंवार बसलेला दिसला तरच काढा.

आणि केसाळ गांडुळं, म्हणजे ब्रिसलवर्म, यांच्याबद्दल सांगते: राहू द्या. रात्री टॉर्चमध्ये दगडाखालून लालसर केसाळ काहीतरी बाहेर येताना दिसलं की नवखा माणूस घाबरतो आणि मेलेल्या पॉलिपजवळ ते दिसल्यावर त्यालाच खुनी ठरवतो. ते मेलेलं खायला आलेलं असतं. इंदूरला स्वच्छतेत पहिला नंबर कचरागाडीवाल्यांमुळे मिळाला, तसं टँकमध्ये हे. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस बोटांत घुसतात. घुसलेच तर चिकटपट्टी लावून ओढा.

कठीण प्रवाळाच्या किडी आपल्या घरात यायचं कारण नाही, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ॲक्रोपोरा नावाचं दगडी प्रवाळ खाणारा एक चपटकृमी परदेशातल्या टँकवाल्यांना कित्येक वर्षं छळत होता. तो विज्ञानाला अपरिचित होता. २०११ साली त्याचं रीतसर वर्णन झालं, तेही टँकमधल्या नमुन्यांवरून, आणि नंतर तो ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरी, सापडला. माणसांच्या बैठकीच्या खोलीत ओळख झाली, मग समुद्रात पत्ता लागला.

त्याच रीफवर आपल्या सिरिंजचा मोठा भाऊ बघायला मिळतो. काटेरी मुकुटाचा तारामासा वर्षाला दहा चौरस मीटरपर्यंत प्रवाळ खाऊ शकतो. त्याची संख्या फुगली की पाणबुडे एकेकाला इंजेक्शन देत फिरतात. आधी सोडियम बायसल्फेट होतं. एकेका तारामाशाला अनेक टोचण्या लागत. मग पित्ताचे क्षार आले, एकच टोचणी पुरे. २०१५ साली जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधकांनी साध्या व्हिनेगरनेही काम होतं हे दाखवलं. हजारो किलोमीटर रीफ, आणि उपाय मात्र एकेकाला गाठून हाताने. मला त्यात एक प्रकारचा दिलासा वाटतो, माझ्या साडेतीन फुटी टँकपुढे रात्री बसलेली असताना.

या सगळ्यातलं निम्मं मी टाळू शकले असते, एका प्लास्टिकच्या टबाने. वीस-पंचवीस लिटरचा टब, छोटा पंप, साधा दिवा, आणि आपल्या डिसेंबरसाठी हीटर. नवं काहीही आलं, मग ते अगदी जवळच्या मैत्रिणीने दिलेलं का असेना, आधी चकतीवरून सोडवून टबात. पहिल्या दिवशी डिप, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी. सहा आठवडे काही निघालं नाही तरच मोठ्या टँकमध्ये. टबात दगड नाही, वाळू नाही, लपायला जागा नाही. एकटं एप्टेशिया तिथे लगेच दिसतं आणि त्याच्यासकट तो कोपराच कापून टाकता येतो. आता वाटतं, पहिल्या दिवशी हे कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? बहुधा नाही. नवं प्रवाळ हातात असताना सहा आठवडे म्हणजे फारच लांब असतात.

सध्या टबात गुलाबी झोअँथिडचे नऊ पॉलिप आहेत, माझ्या नणंदेने वडोदऱ्याहून येताना आणलेले. तिच्या टँकमध्ये कधी काही निघालं नाही, असं तिने दोनदा सांगितलं. पहिल्या डिपमध्ये काही नाही, सातव्या दिवशीही काही नाही. परवा, चौदाव्या दिवशी, वाडग्याच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढं गुलाबी काहीतरी पडलं आणि अर्ध्या मिनिटाने ते चालायला लागलं. नणंदेला अजून फोन केलेला नाही. आईंना मात्र सांगितलं, आणि आज रात्री मी टॉर्च घेऊन बसणार असले तर मला उठवू नकोस, असं त्या आत्ताच सांगून गेल्या.